वृंदाचं तिसऱ्या अंकातलं वाक्य

शनिवार, ७ ऑक्टोबर १९७८

आज संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, धंतोलीतल्या आमच्या महिला मंडळाच्या हॉलमध्ये, सतरा बायकांच्या देखत शोभाताईंनी तिसरा अंक मारून टाकला. वेळ मी मुद्दाम घड्याळात पाहून ठेवली. उद्या कोणी म्हणायला नको की प्रेमिला काळमेघला म्हातारपणी भ्रम होतात.

शोभाताई मंडळाच्या सेक्रेटरी. नाटक मी निवडलं, मी बसवते आहे, पण पैशांच्या पेटीची किल्ली त्यांच्याकडे. नाटक चाळीस वर्षांपूर्वीचं आहे. एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मालकाची मुलगी, वृंदा. कारखान्याला आग लागते. पोलीस विचारतात, सगळे हिच्याकडे पाहतात, आणि ही सांगते की काशी नावाच्या मजूर बाईला मी रुईच्या ढिगाशी बिडी ओढताना पाहिलं. काशीला दोन वर्षं शिक्षा होते. वृंदाच्या साखरपुड्याच्या दिवशी ती सुटून दारात येते आणि काम मागते. भांडत नाही, शिव्या देत नाही, नुसतं काम मागते. तीन अंकांत त्या लाडावलेल्या मुलीचं माणूस होतं, आणि शेवटी भरल्या घरासमोर ती म्हणते, "मी पाहिलं नव्हतं. मी खोटं सांगितलं."

एवढ्या दोन वाक्यांसाठी पावणेतीन तासांचं नाटक आहे.

शोभाताई म्हणाल्या, "प्रेमिलाताई, ते वाक्य बदलायचं. वृंदा म्हणेल, धूर होता, मला नीट दिसलं नाही. बायकांना नायिकेसाठी रडायचं असतं हो. खोटारडीसाठी कोण रडेल?"

मी म्हटलं, "खरं कारण सांगा."

खरं कारण असं की यंदाच्या प्रमुख पाहुण्यांच्या घरचे दोन जिनिंग कारखाने आहेत.

मी म्हटलं, "मग काशीच्या हातात बिडीच द्या ना. म्हणजे पाहुण्यांना घरी गेल्यासारखं वाटेल."

कोणी हसलं नाही. मागे नऊवारी साड्यांच्या घड्या घालत बसलेली रुखमाबाई तेवढी तोंडाला पदर लावून खोकली. ही तांडापेठेतली विणकराची बाई. मंडळाला नाटकासाठी साड्या उसन्या देते आणि मुलींना नेसवून देते.

रविवार, ८ ऑक्टोबर

सकाळी शोभाताईंना पत्र लिहिलं. पाच मुद्दे. शेवटी, सात दिवसांत लेखी खुलासा करावा. पत्र स्वतः नेऊन दिलं. त्या केस धूत होत्या.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

सात दिवस झाले, वर दोन झाले, लेखी काही नाही. तोंडी निरोप आला, तोही गोपिकाच्या हाती. दिग्दर्शन आता शोभाताई स्वतः करणार. मी हवं तर प्रॉम्प्टिंग करावं. "तुमचे उच्चार स्वच्छ आहेत," असं त्यांनी खास सांगायला सांगितलं म्हणे. सदतीस वर्षं मुलींना शिकवलं, सव्वीस नाटकं बसवली, आणि आता विंगेत स्टूल टाकून बसायचं.

गोपिका वृंदाचं काम करते. काटोलकडच्या संत्र्याच्या बागाईतदाराची मुलगी, बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला, वडिलांच्या गाडीतून तालमीला येते. शोभाताई तिची मावशी. पहिल्या दिवशी तिनं मला विचारलं होतं, "मॅडम, यात माह्या साड्या किती?" पहिल्या अंकातली वृंदा मला तयारच मिळाली होती, शिकवावी लागली नाही.

पण आज निरोप देऊन ती गेली नाही. जिन्यातच उभी राहिली. माझ्या घराखालच्या दवाखान्यात नंबर लावलेले पेशंट, त्यांच्यातून वाट काढत वर आली होती, धापा टाकत होती.

"मॅडम, एक विचारू? वृंदाले हे केव्हा समजते? एकदम समजते का हळूहळू?"

मी तिला बसवलं. सांगितलं की पहिल्या अंकात वृंदा 'आम्ही' म्हणते. आम्ही कारखानदार, आम्ही त्यांना काम दिलं. दुसऱ्या अंकात ती 'त्यांनी' म्हणते. त्यांनी पकडलं, त्यांनी शिक्षा दिली. 'मी' हा शब्द तिच्या तोंडी फक्त तिसऱ्या अंकात येतो, तोही शेवटी. तो येऊ नये म्हणून ती सबंध नाटकभर बोलत असते.

गोपिकानं बोटांवर 'आम्ही', 'त्यांनी', 'मी' मोजलं. मग म्हणाली, "म्हणजे मौशीनं वाक्य बदललं तं ती मोठी होतच नाही."

"नाही. तिचा फक्त साखरपुडा होतो."

"मॅडम, तुम्ही विंगेत असान नं? तुम्ही जे वाक्य द्यान तेच मी घेईन. मौशी स्टेजवर येऊन तं माह्यं तोंड धरणार नाही."

मी तिला 'असाल' आणि 'द्याल' म्हणायला लावलं. पण प्रॉम्प्टर व्हायला मी कबूल आहे, असा निरोप पाठवला. यात गनिमी कावा वगैरे काही नाही. मूळ संहितेशी इमान आहे.

शनिवार, २१ ऑक्टोबर

आज तालमीत चहाच्या वेळी गोपिका मला म्हणाली, "मॅडम, मी आयुष्यात कोनाचं एवढं वाईट नाही केलं. मले ते आतून येत नाही. तुम्ही केलं काय कधी?"

सगळ्या हसल्या. मी म्हटलं, थांबा, तुम्हाला शाळेतली एक गंमत सांगते. आणि बिल्ल्याची गोष्ट सांगितली.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये लाकडाचा एक बिल्ला होता, दोरीत ओवलेला. सकाळी जी मुलगी पहिल्यांदा मराठी किंवा हिंदी बोलताना सापडे तिच्या गळ्यात सिस्टर तो घालत. मग तिनं दिवसभर दुसरी कोणी मराठी बोलताना सापडते का पाहायचं आणि तिच्या गळ्यात घालायचा. शेवटच्या घंटेला जिच्या गळ्यात, तिचं नाव रजिस्टरमध्ये, आणि चॅपलच्या व्हरांड्यात गुडघ्यांवर अर्धा तास. एकोणीसशे एकतीस साली मी सहावीत होते. घरी आई वऱ्हाडीच बोलायची, त्यामुळे माझी जीभ सारखी घसरायची आणि बिल्ला माझ्याकडेच यायचा. मग मी युक्ती काढली. नळामागे जाऊन बसायचं, रुमालात तोंड खुपसायचं आणि खांदे हलवायचे. वर्गात फुकट शिकणारी एक विणकराची मुलगी होती. इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं, पण मनानं फार मऊ. ती धावत यायची आणि विचारायची, "काय झालं वं? काहून रडून राहिली?" की मी रुमाल बाजूला करून बिल्ला तिच्या गळ्यात!

मी खांदेसुद्धा हलवून दाखवले. बायका चहा सांडेपर्यंत हसल्या. शोभाताई म्हणाल्या, "अहो, तुम्हीच वृंदाचं काम करायला हवं होतं." बऱ्याच दिवसांनी त्या माझ्याशी नीट बोलल्या. छान वाटलं. गोपिका हसली का ते पाहिलं नाही.

सगळ्या उठल्यावर रुखमाबाई घड्या घालता घालता म्हणाली, "बाई, त्या पोट्टीचं नाव सुभद्रा होतं काय? सुभद्रा हेडाऊ?"

मी म्हटलं, "तुला कसं माहीत?"

"माही मोठी बहीन."

आणि तिनं साड्यांचं गाठोडं बांधलं, डोक्यावर घेतलं आणि गेली.

ही कुठली पद्धत? सहा आठवडे ही बाई तालमीला येते आहे, आधी सांगायचं होतं. माणूस चारचौघांत एखादी गंमत सांगतो आणि मागून कोणीतरी असं ऐकत असतं.

रविवार, २२ ऑक्टोबर

सगळ्याच मुली करायच्या. पद्धत शाळेची होती, माझी नव्हती. आम्ही लहान होतो. त्यांनी बिल्ला गळ्यात घातल्यावर आम्ही दुसरं काय करणार होतो?

गुरुवार, २६ ऑक्टोबर

रुखमाबाई नेहमीसारखी आली. गोपिकाला निऱ्या शिकवल्या. "सरळ उभी राय वं माय, खांबासारखी नोको, बाईसारखी." दोघी हसत होत्या.

मीच विषय काढला. सुभद्रा आता कुठे असते?

"मेली नं बाई. उमरेडले. एकोनसत्तर साली."

"अरेरे. काय झालं होतं?"

"छाती. मागावर बसून बसून." तिनं तोंडातली पिन काढून पदराला लावली. "शाळा सुटली तं बापानं मागावर बसवलं, मंग लगन करून देलं. बाप चॅपलचं कापड विने नं. वेदीवर घालाचं पांढरं कापड. म्हनून मदरनं तिले फुकट घेतलं होतं. वस्तीतली पयली पोट्टी. लोक पाहाले यायचे ती बूट घालून निघाली का."

मी म्हटलं, "हो, बूट आठवतात."

"मंग एक दिवस मदरनं बापाले बोलावलं. रजिस्टर दाखवलं. वीसच्या वर नाव झालं का फुकटची जागा जाते म्हने. तिचं तेवीसदा होतं. बापानं अंगठा देला अन् घरी आनली. लय मारलं. मरेपर्यंत म्हनत होता, एवढी जागा भेटली अन् हिनं तोंडानं घालवली. आमी सारे तेच म्हनत होतो. मीबी म्हटलं हाये तिले."

गोपिका निरी हातात धरून तशीच उभी होती.

"ती काही बोलतच नव्हती बाई. घरीसुदिक बोलत नव्हती. मराठी बोलली तं सिस्टर लिहून घेईन म्हने. मायनं विचारलं जेवतं काय, तं मान हलवायची. अन् मंग मले आता वाटून राहिलं," असं म्हणून तिनं प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं, "घरी बोलत नव्हती तं शाळेत तेवीसदा कशी बोलली? तुमी वर्गात होत्या. खरंच ती इतकी बोलत होती काय?"

मी म्हटलं, "सत्तेचाळीस वर्षं झाली रुखमाबाई. आता कुणाला आठवतं?"

"होय. ते बी खरं हाये," ती म्हणाली आणि गोपिकाच्या पाठीमागे जाऊन कासोटा खोचू लागली.

घरी येऊन जेवले नाही. अपचन असावं.

शनिवार, ४ नोव्हेंबर

दिवाळी झाली. कुणाकडे गेले नाही.

तालमी रोज. शोभाताईंच्या दिग्दर्शनाबद्दल लिहायचं तर ही वही पुरणार नाही. काशीला त्यांनी काजळ घालायला लावलं आहे. तालमीत मी बदललेलंच वाक्य देते, कारण त्या समोर बसतात. "धूर होता. मला नीट दिसलं नाही." गोपिका ते धडा वाचल्यासारखं म्हणते आणि विंगेकडे पाहून एक भुवई उचलते. प्रयोगाच्या दिवशी, बारा तारखेला पाहू, असा आमचा करार आहे.

पहाटे जाग आली तेव्हा एक आठवलं. नळामागची युक्ती मी दरवेळी केली असं मी त्या दिवशी सांगितलं का? तसं नव्हतं. पहिल्यांदा तिला खरंच वाटलं मी रडते आहे. दुसऱ्यांदा ती जरा लांब थांबली, मग आली. आणि त्यानंतर मी खोटं रडायचंही सोडून दिलं. ती दिसली की बिल्ला घालायचा आणि सिस्टरना सांगायचं, ही बोलली. ती नाही म्हणायची नाही. नाही म्हणायचं तर इंग्रजीतच म्हणावं लागे, आणि सिस्टरसमोर तिचं इंग्रजी गोठून जायचं.

किती वेळा ते मोजता येत नाही. मोजता येत नाही असं लिहिते आहे, हेही पाहून घ्यावं.

रविवार, १२ नोव्हेंबर. प्रयोगाचा दिवस

लिहायलाच हवं. अक्षर जाईल तसं जावो.

प्रयोग दुपारी चारला सुरू झाला. हॉल भरलेला. प्रमुख पाहुण्या पहिल्या रांगेत, पांढऱ्या चंदेरीत. पहिला अंक बरा. दुसऱ्या अंकात गोपिका मला ओळखू येईना. काशी पाणी मागते आणि वृंदा स्वतः उठून आणते, तिथे त्या मुलीचा हात खरोखर अडखळला आणि फुलपात्रातलं पाणी साडीवर सांडलं. मी ते शिकवलं नव्हतं. शोभाताईंनी तर नाहीच नाही.

तिसरा अंक. मी डाव्या विंगेत स्टुलावर, मांडीवर जुनं पुस्तक, मूळ वाक्य लाल पेन्सिलीनं अधोरेखित केलेलं. रुखमाबाई माझ्या खांद्याशी उभी होती, हातात शेवटच्या प्रवेशाची शाल. इतकी जवळ की तिच्या लुगड्याच्या खळीचा वास येत होता.

वडील म्हणाले, "वृंदा, तू पाहिलंस ना?" सगळं घर तिच्याकडे वळलं. गोपिका दोन पावलं पुढे आली आणि थांबली. वाक्य तिला पाठ होतं, दोन्ही वाक्यं पाठ होती. ती मी देण्याची वाट पाहत होती. तिनं मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिलं.

मी तोंड उघडलं. मी पाहिलं नव्हतं. मी खोटं सांगितलं. दोन वाक्यं. दुसऱ्या कुणाची तरी, चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेली. ती फक्त वाचायची होती. माझे उच्चार स्वच्छ आहेत.

आणि कानाशी रुखमाबाईचा श्वास ऐकू येत होता.

हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. गोपिकाचे डोळे मोठे झाले, तिनं ओठ थोडेसे हलवले, लहान मुलाला आई आठवण करून देते तसे. आणि मी म्हटलं, "धूर होता."

ती तशीच पाहत राहिली.

मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं, "धूर होता. मला नीट दिसलं नाही."

तिनं ते घेतलं. प्रेक्षकांकडे वळून म्हटलं. शेवटी तिचा आवाज फुटला आणि सगळ्यांना वाटलं तो अभिनय आहे. टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी डोळ्यांना रुमाल लावला.

पडदा पडल्यावर शोभाताईंनी माझे दोन्ही हात धरले. "प्रेमिलाताई, तुम्ही मनाचा मोठेपणा दाखवलात. मला धाकधूक होती हो."

गोपिका तोंडाचा रंग न पुसता माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मॅडम, मी वाट पाहून राहिली होती."

मी तिचं मराठी दुरुस्त केलं नाही. पुस्तक पिशवीत घातलं आणि मागच्या दारानं निघाले. रुखमाबाई शाल घडी करत होती. तिनं मला काही विचारलं नाही. ती मला पुन्हा काही विचारणार नाही.

सोमवार, १३ नोव्हेंबर

वर्तमानपत्रात चार ओळी आल्या आहेत. 'हृदयस्पर्शी'.

एकोणीसशे एक्केचाळीस साली मी त्याच शाळेत शिक्षिका झाले. जुनी रजिस्टरं स्टाफरूमच्या कपाटात होती. किल्ली माझ्याकडे. एकोणपन्नास साली, पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमाचे कागद शोधताना, एकतीस सालचं रजिस्टर हाती आलं. मी उघडलं. जानेवारीपासून तिची नावं मोजत मी जूनपर्यंत आले आणि बंद केलं. कार्यक्रमाला उशीर होत होता.

बिल्ला त्यानंतरही अकरा वर्षं वापरात होता. माझ्याच टेबलाच्या खणात असायचा.

बुधवार, १५ नोव्हेंबर

तांडापेठेत गेले. रिक्षावाल्यानं गल्लीच्या तोंडाशीच सोडलं. घर शोधावं लागलं नाही, साड्यांची रुखमाबाई म्हटल्यावर एका बाईनं दारापर्यंत आणून पोचवलं. पुढच्या खोलीत माग चालू होता, तिचा मुलगा बसला होता. ती ओट्यावर सुताच्या कांड्या भरत होती. मला पाहून उठली, हात पुसले.

"या नं बाई. साडी राहिली काय कोनती?"

मी बसले नाही. बसले असते तर चहा आला असता, आणि चहा आल्यावर मी बोलले नसते, स्वतःला ओळखते मी. उभ्यानंच म्हटलं, "तुम्ही विचारलं होतं ना, ती इतकी बोलत होती का. ती बोलत नव्हती. मी सांगायची की ती बोलली."

मागाचा खटखटाट चालू होता. तिला ऐकू आलं नसावं असं वाटलं. मी पुन्हा म्हटलं, जास्त मोठ्यानं. तेव्हा माग थांबला आणि माझं वाक्य सगळ्या घरात ऐकू गेलं.

पुढचंही सांगितलं. शेवटच्या वेळी मी खरोखर पडले होते. व्हरांड्याच्या पायरीवर, गुडघा फुटला होता. सुभद्रा लांब उभी होती. तिला माहीत होतं जवळ गेलं की काय होतं. तरी ती आली, परकराच्या टोकानं रक्त पुसलं आणि म्हणाली, "लय लागलं काय वं?" आणि मी गळ्यातला बिल्ला काढून तिच्या गळ्यात घातला. ते तेविसावं होतं की बाविसावं, मला माहीत नाही. त्या आठवड्यानंतर ती शाळेत आली नाही.

रुखमाबाई खाली बसली. मग म्हणाली, "बाप एकोनसाठ साली गेला. तवा तुमी नागपुरातच होत्या?"

"हो."

"माय पासष्टले गेली. सुभद्रा धंतोलीच्या दवाखान्यात होती नं शेवटी, पंधरा दिवस, मंग उमरेडले घरी नेली. तुमच्याच घराच्या त्या बाजूनं. आमी रोज डब्बा घेऊन जात होतो."

मी म्हटलं, "मला क्षमा करा."

"मी काय करू क्षमा? मले कोनं घातला होता बिल्ला?" ती रागावली नव्हती. हिशेब समजावून सांगावा तशी बोलत होती. "मीबी तिले तोंडाळ म्हटलं. मले कोन क्षमा करन?"

मग मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली. "बाई, तुमी तोंडानं सांगतलं ते बरं केलं. पन तिचं लिहून ठेवलं होतं. बापाले कागद दाखवला म्हनून बापानं मानलं. तोंडाचं कोन मानते? कागदावर करून आना."

मुलानं पुन्हा माग सुरू केला.

रविवार, १९ नोव्हेंबर

चार मसुदे फाडले. इंग्रजीत फार सफाईदार होत होते. हा पाचवा. नक्कल इथे उतरवून ठेवते, मूळ प्रत उद्या सकाळी स्वतः नेऊन देणार आणि पोच घेणार.

"मा. मुख्याध्यापिका यांस,

मी आपल्या शाळेची माजी विद्यार्थिनी आणि सदतीस वर्षे शिक्षिका. आपल्या स्टाफरूमच्या डावीकडच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, सन १९३१ चे शिक्षा-रजिस्टर आहे. त्यात इयत्ता सहावीच्या सुभद्रा हेडाऊ हिचे नाव मराठी बोलल्याबद्दल तेवीस वेळा लिहिले आहे. त्यावरून तिची फुकट शिक्षणाची जागा रद्द झाली आणि तिच्या वडिलांचा अंगठा घेण्यात आला.

मी लिहून देते की त्यांतल्या बहुतेक नोंदी खोट्या आहेत. त्या माझ्या सांगण्यावरून झाल्या. ती बोलली नव्हती. मी खोटे सांगितले. ज्या थोड्या वेळा ती बोलली, त्या मी रडते आहे असे वाटून, किंवा मला लागले म्हणून, माझी विचारपूस करायला बोलली.

हेही लिहून देते की त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाच्या नाटकातले मुख्य काम सिस्टरांनी आधी सुभद्राला दिले होते. ज्या मुलीचे नाव रजिस्टरमध्ये जास्त वेळा, तिला नाटकात घेत नसत. ते काम मला मिळाले. मला नाटकाची आवड आहे असे लोक म्हणतात, ती तेव्हापासूनची आहे.

माझी मागणी अशी. त्या तेवीस नोंदींसमोर ही हकीकत लिहून शाळेचा शिक्का मारावा. त्याची एक प्रत तांडापेठेतील श्रीमती रुखमाबाई यांच्याकडे पाठवावी. पत्ता मागील बाजूस दिला आहे. सुभद्राबाई सन १९६९ मध्ये उमरेड येथे वारल्या, त्यामुळे त्यांना पाठवता येणार नाही.

मी वयाने एकोणसाठ वर्षांची असून माझी बुद्धी शाबूत आहे. 'जुन्या गोष्टी', 'त्या वेळची पद्धत' अशी उत्तरे मी स्वतःला पुष्कळ वर्षे दिली आहेत, ती मला परत पाठवू नयेत.

गुरुवार, दिनांक ३० नोव्हेंबर १९७८, संध्याकाळी पाच वाजण्याच्या आत लेखी उत्तर द्यावे. उत्तर मराठीत असावे. ते रुखमाबाईंच्या घरी वाचून दाखवायचे आहे.

प्रेमिला काळमेघ"